पोह्यांनंतर अकराला भूक, धिरड्यानंतर दीडपर्यंत शांत: श्रेय एकट्या प्रथिनांचं का?

जात्यावरची_ओवी:

चाळीस मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीसाठी नाश्त्याचा आठवड्याचा तक्ता बसवायचा आहे. वयं १८ ते २५, नाश्ता सकाळी ८ ला, दुपारचं जेवण दीडला. सध्या आलटून पालटून तीन पदार्थ होतात. माणशी माप असं:

कांदेपोहे: कोरडे पोहे ६० ग्रॅम, तेल १०, शेंगदाणे १०, कांदा, वरून थोडं खोबरं. सुमारे ४१० कॅलरी, प्रथिनं ८ ग्रॅम.

मुगाचं धिरडं: अख्खे मूग ५० ग्रॅम, बेसन २०, तेल ७, सोबत वाटीभर म्हणजे १५० ग्रॅम दही. सुमारे ३९० कॅलरी, प्रथिनं २० ग्रॅम.

साबुदाणा खिचडी (चतुर्थी, एकादशी): साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट २५, बटाटा ५०, तूप १०. सुमारे ४७० कॅलरी, प्रथिनं ७ ग्रॅम.

पोह्यांच्या दिवशी अकराच्या सुमारास बिस्किटं आणि फरसाण निघतं. धिरड्याच्या दिवशी डबे बंद राहतात. खिचडीचं गणित वेगळंच: बारापर्यंत पोट जड, आणि तरी दुपारी ताटात नेहमीइतकंच वाढून घेतलं जातं.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पोहे आणि धिरड्यातला हा फरक प्रथिनांचाच आहे का? पोह्यांवर चमचाभर तूप सोडलं तर भूक लांबेल, असं स्वयंपाकघरातल्या मावशींचं म्हणणं आहे. ते कितपत खरं? आणि भूक कमी लागली म्हणजे पुढच्या जेवणात कमी खाल्लं जाईल, असं धरून चालायचं का?

तराजू:

तुमच्या पोह्यांत आणि धिरड्यात फक्त प्रथिनं बदललेली नाहीत, तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या आहेत. म्हणून सगळं श्रेय प्रथिनांना देऊ नका.

आधी वजन बघा. ६० ग्रॅम पोहे भिजून, परतून, कांद्या-दाण्यांसकट बशीत येतात ते साधारण २०० ग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे दोन कॅलरी. धिरडं आणि वाटीभर दही मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे ग्रॅममागे सव्वा कॅलरी. कॅलरी जवळपास सारख्याच, पण पोटात गेलेला ऐवज दीडपटीहून जास्त. जठराला कॅलरी मोजता येत नाहीत, त्याला ताण कळतो. जेवताना हात कधी थांबतो हे बरंचसं या ताणावर आणि खाण्याच्या वेगावर ठरतं. भूक परत कधी लागते, हा वेगळा प्रश्न. तो पुढे आतड्यात काय पोचतं आणि किती वेगाने पोचतं यावर ठरतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळी चर्चा गढूळ होते.

सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ पदार्थांची तुलना केली. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा, खाल्ल्यावर दोन तास दर १५ मिनिटांनी पोट किती भरलेलं वाटतं याची नोंद, आणि पांढऱ्या पावाला १०० गुण. उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, क्रोसाँला (लोण्याच्या पापुद्र्यांचा फ्रेंच पाव) ४७. मासे २२५, अंडी १५०, भात १३८, मसूर १३३, शेंगदाणे ८४. बटाट्यात प्रथिनं किती? नगण्य. पण २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या वर, आणि तेवढ्याच कॅलरींचं क्रोसाँ जेमतेम साठ ग्रॅम. त्या अभ्यासात सगळ्यात ठळक नातं निघालं ते खाण्याच्या वजनाशी. प्रथिनं, चोथा आणि पाणी जास्त तर गुण जास्त. फॅट जास्त तर गुण कमी. दाणे ८४ वर का अडकले हेही त्यातून कळतं: प्रथिनं भरपूर, पण २४० कॅलरींचे दाणे म्हणजे दोन लहान मुठी.

हा तक्ता भिंतीवर लावून त्यावर महिन्याचा बेत आखण्याइतका भक्कम मात्र नाही. एका पदार्थामागे ११ ते १३ माणसं होती आणि मोजणी दोनच तासांची. तुमचं अंतर साडेपाच तासांचं आहे. तिथे प्रथिनं आणि चोथा यांचं काम जास्त दिसतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट. बार्बरा रोल्स यांच्या गटाने १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एक साधा प्रयोग केला. चिकन, भात आणि भाज्यांचा एकच पदार्थ तीन तऱ्हांनी दिला: नुसता, सोबत पेलाभर पाणी, आणि तेच पाणी पदार्थात घालून सूप करून. सूप घेतलेल्यांनी त्यानंतरच्या जेवणात सुमारे १०० कॅलरी कमी खाल्ल्या. सोबत पाणी प्यायलेल्यांच्या खाण्यात फरक पडला नाही. म्हणून कोरड्या पोह्यांवर पेलाभर पाणी पिऊन जे साधत नाही, ते पोह्यांतच उसळ, मटार, टोमॅटो पडले की साधतं.

अन्नमार्ग:

तुपाचं उत्तर मी देतो, कारण त्यात मावशींचं निम्मं बरोबर आहे.

फॅट लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून सीसीके नावाचं संप्रेरक सुटतं. ते जठराचं दार आवळतं आणि मेंदूला थांबण्याचा निरोप देतं. प्रथिनांनीही ते सुटतं. न पचलेलं फॅट आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत गेलं तर तिथूनही वरच्या हालचालीला ब्रेक लागतो. त्यामुळे अन्न जठरात जास्त वेळ राहतं, आणि खिचडीनंतरचा तुमचा जडपणा नेमका हाच आहे. १० ग्रॅम तूप आणि कुटातलं १० ग्रॅम तेल मिळून एका बशीत २० ग्रॅम फॅट झालं, म्हणजे १८० कॅलरी.

अडचण हिशोबात आहे. एक ग्रॅम फॅट ९ कॅलरींचं, प्रथिनं आणि कर्बोदकं ४ कॅलरींची. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तूप पोह्यांवर सोडलं की ४५ कॅलरी वाढल्या, आकार मात्र तसूभरही वाढला नाही. त्या ४५ कॅलरींची वसुली दुपारच्या जेवणातून होते का? माणसांना नकळत जास्त फॅटचं आणि कमी फॅटचं अन्न हवं तितकं खाऊ दिलं की वजनाने ती साधारण सारखंच खातात. म्हणजे फॅटच्या पानावर कॅलरी जास्त जातात आणि पोटाला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय आतडं सरावतं: दोन आठवडे जास्त फॅटचा आहार दिला की तसलंच जेवण जठरातून आधीपेक्षा लवकर पुढे सरकतं, हेही मोजलेलं आहे. पहिल्या दिवशीचा जडपणा महिनाभर तसाच मिळेल असं धरू नका.

तूप काढून टाका असं यातून निघत नाही. फोडणीशिवाय उसळ खववत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला फॅट लागतं. माणशी ५ ते ७ ग्रॅम पुरे. त्यावर जे घालाल ते भूक लांबवण्यासाठी म्हणून घालू नका.

कर्बोदकांत सगळे एका माळेचे मणी नव्हेत. पोहे म्हणजे उकडून चेपलेला तांदूळ. दाण्याची बांधणी आधीच मोडलेली, चोथा थोडा, त्यामुळे स्टार्च चटकन सुटतो. रक्तातली साखर भराभर चढली की इन्सुलिनही जोरात सुटतं, आणि काही जणांत दोन ते तीन तासांनी साखर मूळ पातळीच्याही थोडी खाली उतरते. तुमची अकराची वेळ नेमकी त्यात बसते. ही उतरण प्रत्येकात सारखी नसते, म्हणून त्याच पोह्यांवर एखादी दीडपर्यंत आरामात राहते. भुकेचं संप्रेरक म्हणून ओळखलं जाणारं घ्रेलिन (जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं) कर्बोदकांनी सुरुवातीला छान दबतं, पण नंतर उसळी मारून वर येतं. प्रथिनांनी ते जास्त वेळ खाली राहतं. फॅटने सगळ्यात कमी दबतं.

उलट अख्खी कडधान्यं बघा. स्टार्च तिथेही आहे, पण पेशींच्या भिंतींत कोंडलेला. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं की नाश्त्याला मसूर खाल्ले तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. सकाळच्या पदार्थाचं काम दुपारपर्यंत चालू राहतं. तुमच्या धिरड्यात मूग आहेत, त्याचा हा वाटा. मात्र मूग रात्रभर भिजवून अगदी गंधासारखे गुळगुळीत वाटले तर ही बांधणी बरीचशी मोडते. वाटण थोडं रवाळ ठेवा.

मोजून_मापून:

वरच्या दोघांशी बव्हंशी सहमत आहे. पण तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, आणि माझ्या मते तोच कळीचा आहे. भूक कमी वाटणं आणि पुढे कमी खाणं ही एकच गोष्ट नव्हे.

सगळ्यात बोलका दाखला केव्हिन हॉल यांच्या गटाचा, २०२१ चा. वीस माणसं चार आठवडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या वॉर्डात राहिली. दोन आठवडे फॅट सुमारे १० टक्के आणि कर्बोदकं ७५ टक्के असा वनस्पतिजन्य आहार, दोन आठवडे नेमकं उलट, मांसाहारी. प्रथिनं दोन्हीकडे सारखी, आणि हवं तितकं खायची मुभा. कमी फॅटच्या आहारावर माणसांनी दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी खाल्ल्या, तेही जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन जास्त चढत असताना. आणि भूक किती, समाधान किती असं विचारलं तर दोन्ही आहारांवर उत्तरं जवळपास सारखीच! जवळजवळ सातशे कॅलरींचा फरक, आणि पोटाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणून ‘साखर चढली की भूक लागते आणि माणूस जास्त खातो’ एवढ्या एका दोरीवर सगळं टांगू नका, अन्नमार्ग. कमी फॅटचं ते अन्न ग्रॅममागे कॅलरींनी निम्म्याच्या आसपास होतं, हे जास्त महत्त्वाचं.

प्रथिनांचंही तसंच. एका वेळच्या प्रयोगात प्रथिनं वाढवली की पोट भरल्याची भावना वाढते, हे पुनःपुन्हा दिसतं. पुढच्या जेवणातली घट मात्र कधी दिसते, कधी नाही. दिवस आणि आठवडे मोजले की चित्र स्पष्ट होतं. २००५ च्या एका प्रयोगात १९ जणांची प्रथिनं एकूण कॅलरींच्या १५ टक्क्यांवरून ३० वर नेली, कर्बोदकं ५० टक्क्यांवर तशीच ठेवली आणि फॅट तेवढं कमी केलं. हवं तितकं खायला सांगितल्यावर दिवसाला सरासरी ४४१ कॅलरी कमी गेल्या आणि १२ आठवड्यांत वजन ४.९ किलोंनी उतरलं.

त्याहून तुमच्या खानावळीला लागू पडणारा विचार सिम्पसन आणि रॉबनहायमर या संशोधकांचा, २००५ सालचा: शरीर प्रथिनांचा ठरावीक वाटा मिळेपर्यंत खात राहतं, मग त्यासोबत कॅलरी किती का जाईनात. सिडनीत २०११ मध्ये तो तपासला. प्रथिनं १५ टक्क्यांवरून १० वर आणली तर २२ जणांनी चार दिवसांत एकूण १२ टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. वाढ बहुतेक झाली ती मधल्या वेळच्या खाण्यातून, आणि त्यातही खारट-खमंग पदार्थांकडे कल. अकराचं फरसाण आठवलं ना? पण १५ वरून २५ टक्क्यांवर नेल्याने खाणं आणखी कमी झालं नाही. तेव्हा जिथे कमतरता आहे तिथे भर घाला, ढीग रचू नका.

आता तुमच्या बशीत बघा. पोह्यांत ८ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ३२ कॅलरी, ४१० पैकी ८ टक्के. खिचडीत ६ टक्के. धिरड्यात २० टक्के. दिवसाची गरज म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेला आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला ४६ ग्रॅम. त्यातले १६ ते २० नाश्त्यात आले तर उरलेला दिवस सोपा जातो.

जात्यावरची_ओवी:

हे वाचून हिशोब बराच सुटला. म्हणजे पोहे बंद करायची गरज नाही, बशीची रचना बदलायची. मग चाळीस जणींसाठी पोह्यांची मापं कशी धरू? अंडी सगळ्यांना चालत नाहीत, पनीर परवडत नाही. आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे इथे थोडंफार खरं होतं, त्याचं काय करावं?

मुदपाकखाना:

पोह्यांपुरतं सांगते. माणशी असं धरा: जाडे पोहे ४० ग्रॅम, मटकी ३५ ग्रॅम कोरडी (मोड आणून वाफवल्यावर मोठी वाटीभर होते), कांदा-मटार-टोमॅटो मिळून ६० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम, सोबत दही १५० ग्रॅम. सुमारे ४२५ कॅलरी, प्रथिनं १६ ग्रॅम, आणि ताटातलं वजन चारशे ग्रॅमच्या घरात. कॅलरी होत्या तितक्याच राहिल्या, ऐवज दुप्पट झाला. अंडं चालणारीला एक उकडलेलं द्या, आणखी साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि ७० कॅलरी.

चाळीस जणींना पोहे १ किलो ६०० ग्रॅम, कोरडी मटकी १ किलो ४००, भाज्या २ किलो ४००, तेल २०० ग्रॅम, दही ६ किलो. तेल बाटलीतून ओतू नका, वजनकाट्यावर भांडं ठेवून मोजा. मोठ्या कढईत अंदाजाने ओतलेलं तेल हमखास दुपटीवर जातं, आणि मग माणशी ४५ कॅलरी कुणाला न कळता वाढतात.

मटकी आठ-दहा तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पुरा दिवस लागतो. एवढी मटकी एकाच गाठोड्यात बांधली तर मधोमध गरम होऊन आंबूस वास येतो. तीन गाठोडी करा आणि मध्ये एकदा उलटा. उघड्या कढईत पाण्याचा हबका मारून, वर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफवा. कुकरच्या दोन शिट्ट्या दिल्या की मटकीचा लगदा होतो. दाणा दाताखाली यायला हवा. चावावं लागलं की खाण्याचा वेग उतरतो, आणि वेग उतरला की हात वेळेत थांबतो. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं ठेवा, मटकी आणि भाज्यांची फोडणी झाल्यावर शेवटी घाला. आधी घातले तर मटकीच्या पाण्याने गिच्च गोळा होतो.

पहिल्याच दिवशी ३५ ग्रॅम मटकी देऊ नका. सवय नसलेल्या पोटात गॅस धरतो, सगळ्या कुरकुरतात आणि बेत दुसऱ्याच आठवड्यात बारगळतो. पहिला आठवडा २० ग्रॅम, मग २५, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३५.

दोन ठिकाणी प्रथिनांचा हिशोब फसतो. एक म्हणजे ताक. पेलाभर ताकात दही जातं ६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रथिनं दोन ग्रॅम. उन्हाळ्यात ताक उत्तम, पण ते दह्याच्या वाटीच्या जागी मोजू नका. दुसरं वरण. खानावळीच्या पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ असते १०-१२ ग्रॅम, प्रथिनं अडीच ग्रॅम. घट्ट वरणात २५-३० ग्रॅम डाळ बसते, तेव्हा सहा ग्रॅम होतात. पातेलं तेच, वाटी तीच. दुपारी वरण वाढताना डाव तळापासून ढवळून भरा, नाहीतर पहिल्या दहा जणींना पाणी जातं आणि शेवटच्या दहा जणींना डाळ.

चहाचंही बघा. आठच्या नाश्त्यासोबत दोन चमचे साखरेचा कप, साडेदहाला पुन्हा एक. एका कपात ७०-७५ कॅलरी. प्यायलेल्या साखरेची पोट नोंदच ठेवत नाही. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींचं गोड शीतपेय आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांच्या दिवसांत त्यांनी बाकीचं खाणं आपोआप तेवढं कमी केलं. पेयाच्या दिवसांत काहीच कमी केलं नाही.

तराजू:

दुपारच्या वाढपाबद्दल एक पुरवणी. काकडी किंवा गाजराची कोशिंबीर ताटासोबत न देता दहा मिनिटं आधी द्या. रोल्स यांच्याच २००४ च्या प्रयोगात जेवणाआधी १०० कॅलरींचं मोठं सॅलड दिल्यावर, सॅलड धरूनही, जेवणातल्या एकूण कॅलरी १२ टक्के घटल्या. चीज आणि तेलकट ड्रेसिंग घालून तेच सॅलड दिलं तर एकूण कॅलरी उलट वाढल्या. आपल्याकडे त्या ड्रेसिंगचं काम दाण्याचं कूट करतं. वाटीला चमचाभर कूट ठीक, मूठभर नको.

बदल कामाला आला की नाही हे ‘आज कमी भूक लागली का?’ असं विचारून कळणार नाही. विचारलं की मुली तुम्हाला हवं ते उत्तर देतात. कागदावर १०० मिलिमीटरची आडवी रेघ काढा, एका टोकाला ‘अजिबात भूक नाही’, दुसऱ्या टोकाला ‘यापेक्षा जास्त भूक लागूच शकत नाही’. आठ-दहा जणींनी आठ, साडेनऊ, अकरा आणि दीड वाजता त्यावर खूण करायची, तुम्ही पट्टीने मोजायचं. पण खरा आकडा पातेल्यात आहे. भात, पोळ्या, भाजी, वरण वाढण्याआधी आणि जेवणं झाल्यावर वजन करा, ताटातलं उष्टंही तोला. एका पदार्थाचे निदान चार दिवस मोजा, नव्या आणि जुन्या पोह्यांचे दिवस आलटून पालटून ठेवा, दुपारची भाजी दोन्हीकडे तीच असू द्या. जुन्या पोह्यांच्या दिवशी श्रीखंड आणि नव्याच्या दिवशी दुधी भोपळा आला तर मोजणी फुकट. परीक्षेचे आठवडे वगळा, कमी झोपेने भूक वाढते. अकराच्या बिस्किटांचे पुडे मोजून भरा आणि संध्याकाळी परत मोजा.

आणि एक सावधगिरी. हे सगळं खाणं आवरण्याचं शास्त्र आहे, पण तुमच्याकडे १८-२५ च्या मुली आहेत. त्यात कुणी आधीच बारीक असेल किंवा मैदानावर खेळणारी असेल तर तिला दह्याच्या वाटीसोबत दाणे, केळं, जादा तेलाची उसळ असं कॅलरींनी दाट खाणं लागेल. घरातल्या वयस्कर, भूक मंदावलेल्या माणसांचंही तसंच. त्यांना जेवणाआधी कोशिंबीर-सूप देऊन पोट भरवू नये, मऊ भातावर तूप घालून लहान वाट्या तीन तासांनी द्याव्यात. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत बदलू नये.

मुदपाकखाना:

एकादशीचं राहिलं. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, चोथाही तसाच. खिचडीतले सातही ग्रॅम कूट-बटाट्याचे. वर फॅट २० ग्रॅम, म्हणून बारापर्यंत जड, आणि दुपारचं ताट मात्र तेवढंच.

जिथे राजगिरा चालतो तिथे थालीपीठ करा. माणशी राजगिऱ्याचं पीठ ४५ ग्रॅम, उकडलेला बटाटा ६०, कूट १०, तूप ५, सोबत १५० ग्रॅम दही आणि चालत असेल तर काकडी. ३९० कॅलरी, प्रथिनं १४ ग्रॅम. राजगिऱ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, बटाटा गरम असतानाच कुस्करून मळा, नाहीतर तव्यावर तुटतं. जिथे भगरच चालते तिथे भगर ४५ ग्रॅम, २५ ग्रॅम कुटाची आमटी आणि पेलाभर दूध, म्हणजे प्रथिनं सोळा-सतरा ग्रॅम होतात. आमटी पळीवाढी ठेवा, दाट केली की कूट नकळत दुप्पट पडतं.

खिचडी हवीच असेल तर साबुदाणा ३० ग्रॅमवर आणा, बटाटा दीडशेवर न्या आणि दह्याची वाटी आधी वाढा. बटाटा तुपात परतून नका घालू, उकडून फोडी करा. परतला की तो तूप पितो, आणि ते पुन्हा कढईत ओतावं लागतं.